रामदासपेठेत पन्नास मिनिटं

नागपूरकर सल्ला विचारत नाही, देतो. पानठेल्यावर, तर्री-पोह्याच्या गाडीवर, मेट्रोत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. गुडघेदुखी असो की घटस्फोट, त्याच्याकडे दोन उपाय आणि एका ओळखीच्याचा नंबर तयार असतो. अशा गावात एखादा गृहस्थ मनाचं गाऱ्हाणं घेऊन खासगी थेरपिस्टकडे जातो, हजार-दीड हजार रुपये मोजतो आणि समोरच्या मॅडम पाऊण तासात एकही सल्ला देत नाहीत. बाहेर आल्यावर त्याची तक्रार ठरलेली असते : “त्या काही बोलल्याच नाही ना बाप्पा! पूर्ण वेळ मीच बोलून राहिलो होतो. अन् पैसेही मीच दिले.”

मनाच्या दुखण्याशी या शहराची ओळख तशी जुनी. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झालं आणि १८६४ मध्ये इथे मनोरुग्णालय सुरू झालं. आगगाडी यायला १८६७ उजाडलं. म्हणजे गावातून बाहेर पडायची सोय होण्याआधीच, गावात राहून ज्यांचं डोकं फिरलं त्यांची सोय झाली होती. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय ९४० खाटांचं आहे; येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी ही त्याची राज्यातली सरकारी भावंडं. कागदोपत्री नाव बदललं, कायदे बदलले, पण छिंदवाडा रोडवरच्या चौकाला ऑटोवाले अजून ‘पागलखाना चौक’च म्हणतात. पुण्यात पोराला येरवड्याची धमकी मिळते, नागपुरात या चौकाची. त्यामुळे घरातल्या मुलीने “मी जरा मनाच्या डॉक्टरकडे जाऊन येते” असं म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे आधी तो चौक उभा राहतो आणि मग मुलगी.

खासगी थेरपिस्ट मात्र तिकडे बसत नाहीत. त्यांचा मुक्काम रामदासपेठ, धंतोली, धरमपेठ या डॉक्टरांच्या मोहल्ल्यांत. एकेका इमारतीत तळमजल्यावर औषधांचं दुकान, पहिल्यावर सोनोग्राफी, दुसऱ्यावर दात, तिसऱ्यावर मन. ही रचना फार सोयीची आहे, कारण तिसऱ्या मजल्यावर जाणारे बहुतेक जण घरी दुसऱ्या मजल्याचं नाव सांगतात. चार-सहा आठवडे ते निभतं. पुढे सासूबाई विचारतात, “इतके दिवस दाताले जाऊन राहिली, एक तरी दात बसला का?”

गुप्ततेचा खरा शत्रू म्हणजे पार्किंग. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २४ लाखांवर गेली, पण गाडीचा नंबर ओळखणाऱ्यांची संख्या अजून खेड्याएवढीच आहे. “तुझी ॲक्टिव्हा रामदासपेठेत दिसली. सगळं बरं आहे ना?” असा फोन सेशन संपायच्या आत येतो. जाणकार बायका म्हणून उन्हाळ्यात सुरुवात करतात. एप्रिल-मेमध्ये नागपुरातली प्रत्येक पोट्टी डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळून, वर गॉगल लावून गाडी चालवते. सख्खी आत्या सिग्नलला शेजारी थांबली तरी ओळखत नाही. ऊन उतरलं की ही सोय जाते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. उरलेल्यांपैकी ज्यांना धंतोलीत गाडी लावायला जागा मिळते त्यांचं वेगळं सर्वेक्षण अजून व्हायचं आहे.

आता जायचं कोणाकडे? इथे नागपूरकराची अक्कल एरवीपेक्षा कमी चालते. हाच माणूस मार्चमध्ये कूलर घ्यायला निघाला की मोटर कोणाची, पंप कोणता, ताट्या वाळ्याच्या की गवताच्या, पत्रा किती गेजचा, हे चार दुकानांत विचारतो. थेरपिस्ट निवडताना मात्र “वहिनीच्या मैत्रिणीला फरक पडला” एवढ्यावर उरकतो. खरं तर इथे विचारायचे प्रश्न कूलरपेक्षा कमी आहेत. औषध लिहून देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, म्हणजे आरसीआयकडे. तिचा क्रमांक मागता येतो आणि मागितला म्हणून कोणी रागावत नाही. समुपदेशकांमध्ये मात्र मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं काम केलेले लोक आहेत, तसे शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून सोमवारी पाटी लावणारेही आहेत. शिक्षण काय, अनुभव कशातला, माझ्यासारख्या अडचणीवर काम केलंय का, फी किती, सेशन रद्द केलं तर काय, एवढं फोनवरच विचारून घ्यावं. “पूर्ण बरं करून देऊ, गॅरंटी” असं उत्तर आलं तर फोन ठेवावा. गॅरंटी कूलरला असते.

वेटिंग रूममध्ये गेल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात येते : तिथे पेशंट कोणीच नसतो. सगळे ‘सोबत आलेले’ असतात. एक गृहस्थ भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा प्रत्येक शब्द वाचतात, दुसरे मोबाइलवर बाजारभाव बघत असल्याचं दाखवतात. ओळखीचं कोणी दिसलंच तर दोघं एकाच वेळी म्हणतात, “भाच्याले आणलं होतं.” भाचा दोघांच्याही आसपास नसतो.

मग फॉर्म. नाव, वय, शिक्षण, आधीचे आजार, चालू गोळ्या. ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं’ या रकान्यापाशी पेन थांबतं. बायकोचं नाव लिहावं तर तिला आपण इथे आलोय हेच माहीत नाही; मित्राचं लिहावं तर तासाभरात अख्ख्या ग्रुपला माहीत होईल. बरेच लोक इथे पुण्यातल्या भावाचा नंबर टाकतात. तो तसाही फोन उचलत नाही.

पहिल्या सेशनबद्दलचे समज बहुतेकांनी सिनेमातून उचललेले असतात. ‘डिअर जिंदगी’त (२०१६) शाहरुख खान आलिया भटला गोव्याच्या किनाऱ्यावर नेऊन लाटांशी कबड्डी खेळायला लावतो. नागपुरातही फुटाळ्याची चौपाटी आहे, पण तिथे कोणी सेशन घेत नाही. भुट्टेवाल्यालाही आपलं मत असतं आणि तो ते देतो. दुसरा समज सोफ्याचा. फ्रॉइडचा तो प्रसिद्ध कोच १८९० च्या सुमाराला एका पेशंट बाईंनी त्याला भेट दिला होता. तो आता लंडनच्या संग्रहालयात आहे. रामदासपेठेत दोन खुर्च्या असतात, मध्ये टीपॉय, त्यावर पाण्याचा ग्लास आणि टिश्यूचा डबा. टिश्यूला सहसा कोणी हात लावत नाही. रडू आलं तर पुरुष खिशातला रुमाल काढून घाम पुसल्यासारखं करतात आणि बायकांकडे दुपट्टा असतोच.

सुरुवातीला मॅडम गुप्ततेचं सांगतात, आणि हा भाग लक्ष देऊन ऐकण्यासारखा असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा पेशंटचा हक्क केला आहे; तो कायदा २०१८ पासून लागू आहे. नवऱ्याने फोन करून “ती काय सांगून राहिली माझ्याबद्दल?” असं विचारलं तरी उत्तर मिळत नाही. अपवाद थोडे आहेत आणि ते आधीच सांगितले जातात : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली असेल; ती तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. एवढं ऐकूनही नागपूरकर आवाज खाली आणून विचारतोच, “मॅडम, बाहेरच्या त्या ताईंना तर काही ऐकू येत नाही ना?”

मग कुटुंबाची माहिती, आणि पहिल्या सेशनमधला सगळ्यात बहारदार प्रकार हाच. बरेच थेरपिस्ट घरच्यांचा नकाशा काढतात, त्याला जेनोग्राम म्हणतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाची आडवी रेघ, मुलांसाठी खाली उभ्या रेघा. दोघांचं पटत नसेल तर त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ आणि बोलणंच बंद असेल तर तुटलेली. छोट्या कुटुंबाला हा कागद पुरतो. विदर्भातला घराणेदार माणूस आला की मॅडमना दुसरा कागद जोडावा लागतो. पाच काका, तीन आत्या, काटोलकडची संत्र्याची बाग आणि तिची वाटणी. “मोठे काका अन् मधले काका बोलत नाही. धाकट्याचं मोठ्याशी बोलणं आहे, पण मोठ्या काकूसमोर नाही. आत्याचं कोणाशीच नाही, पण सगळ्यांच्या लग्नाला येते.” अर्ध्या तासात कागदावर इतक्या नागमोडी रेघा होतात की चौकोन-गोल दिसेनासे होतात. आणि त्या जाळ्याच्या मधोमध एक छोटा चौकोन असतो, जो महिनाभर रात्री तीनला उठून बसतोय आणि ‘मला नेमकं काय झालंय’ हे विचारायला आलाय. आपला चौकोन असा कागदावर बघितला की माणूस थोडा वेळ गप्प बसतो. बोलक्या नागपूरकराला गप्प करणारी एवढी एक गोष्ट या खोलीत नक्की असते.

“तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” हा पुढचा प्रश्न. सोपा वाटतो, पण इथेच गाडी अडते. कोण काय म्हणालं, कोणाची चूक, कोणी काय करायला पाहिजे होतं, हे सगळं तोंडपाठ असतं. वाटलं काय, ते कोणी कधी विचारलेलं नसतं. मग उत्तरं शरीरातून येतात : डोकं जड झालं, छातीत धडधडलं, हातपाय गळाले. आणि शेवटी सगळ्या विदर्भाचं लाडकं निदान, गॅस. कितीतरी लोक मनाच्या दारापर्यंत पोटाचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर आणि दोन-तीन ईसीजी करून येतात. रिपोर्ट सगळे नॉर्मल. सावजी जेवण सोडूनही धडधड थांबत नाही, तेव्हा कुठे तिसऱ्या मजल्याची लिफ्ट पकडली जाते.

काही ठिकाणी हातात पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली ठेवतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. झोप नीट लागते का, थकवा येतो का, भूक कमी-जास्त झाली का, लक्ष लागतं का, असं त्यात विचारलेलं असतं. अडचण इतकीच, की मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दुपारी वीज गेलेली आणि पोरांना सुट्ट्या, अशा वेळी या चार प्रश्नांत बाराच्या बारा गुण अख्खं नागपूर मिळवेल. म्हणून नुसत्या कागदावर कोणी निदान करत नाही. ऊन वजा करून काय उरतं ते विचारत बसावं लागतं. नववा प्रश्न मात्र चेष्टेचा नाही. जगण्यापेक्षा मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हे तिथे सरळ विचारलेलं असतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. खरं सांगितलं तर मदत मात्र लवकर मिळते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं आता कायदाच गृहीत धरतो आणि त्याच्यावर खटला भरत नाही. आणि रात्री दोनला थेरपिस्ट उपलब्ध नसते, तेव्हा १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे.

एवढं होईपर्यंत पन्नास मिनिटं संपतात. सेशन सहसा ४५ ते ६० मिनिटांचं असतं आणि ते घड्याळाप्रमाणे संपतं, हे नागपूरकराला सगळ्यात जास्त खटकतं. आपल्याकडे “निघतो आता” म्हटल्यावर दारात अर्धा तास, गेटपाशी पाव तास आणि गाडीला किक मारल्यावर पाच मिनिटं गप्पा होतात. खरी गोष्ट गेटपाशीच निघते. थेरपीतही तसंच होतं : पंचेचाळीस मिनिटं ऑफिसचं राजकारण सांगून माणूस उठतो आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणतो, “बाकी काही नाही मॅडम, बाबांशी चार वर्षं बोललो नाही, एवढंच.” मॅडम डायरीत लिहून घेतात आणि पुढच्या गुरुवारची वेळ देतात. वेळ पाळण्याचंही तसंच. चोवीस तास आधी न कळवता दांडी मारली तर बहुतेक ठिकाणी फी लागते. “निघालोच आहे” हे वाक्य अंघोळीच्या आधी बोलायची सवय इथे महाग पडते.

सल्ला का मिळत नाही, हा प्रश्न तरीही उरतोच. मराठी माणसाच्या मनाला उपदेशाची सवय फार जुनी आहे. रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले आणि पिढ्यान् पिढ्या ते शाळेत पाठ करून घेतले. मनाने काय करावं, काय टाकावं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मन ऐकत नाही एवढीच तक्रार आहे. रामदासपेठेत मात्र रामदास भेटत नाहीत. तिथली बाई मनाला काही सांगत नाही, ते काय सांगतंय ते ऐकत बसते. काकूंनी “नोकरी सोडून दे” म्हणणं आणि मामांनी “सोडू नको” म्हणणं हे दोन्ही घरी फुकटात झालेलं असतं. तिसरं मत विकत घेऊन बेरीज बदलत नाही. विकत मिळतं ते ऐकणं, आणि आपण नेमकं कुठे अडलोय ते शोधायला कोणाची तरी साथ. तो थेरपिस्टचा आळस नव्हे, तिचं काम आहे.

अर्थात सगळेच थेरपिस्ट गप्प बसत नाहीत. अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाचा एक फटकळ माणूस होऊन गेला. १९५५ च्या सुमाराला त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी त्याच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ती मराठीत रुजवली. ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनी ती घराघरांत नेली. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बसला आणि बाकावर एकटी दिसेल त्या मुलीशी बोलला. तो सांगायचा, १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. हा गृहपाठ कोणी अंबाझरी उद्यानात करू नये. महिन्याच्या आधी पोलिसांचं दामिनी पथक येईल. त्याचा दुसरा गृहपाठ नागपूरला जास्त मानवेल : केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवायचं, लोक हसले तरी आपण मरत नाही हे अनुभवायचं. सीताबर्डीच्या मेन रोडवरून संध्याकाळी सातला एखाद्याने दोरीला बांधून संत्रं फिरवलं, तर हसणं दूरच, दोघं-तिघं भाव विचारतील.

गृहपाठ खरंच असतो आणि तो न करण्याची कारणंही शाळेतलीच असतात. राग आला तेव्हा काय घडलं, मनात काय आलं, काय केलं, हे वहीत लिहायला सांगतात. वही बायकोच्या हाती लागेल म्हणून ती गाडीच्या डिक्कीत राहते आणि डिक्कीत असल्यामुळे कोरी राहते.

पहिल्या-दुसऱ्या सेशननंतर बऱ्याच जणांना एकदम हलकं वाटतं आणि ते येणं थांबवतात. हा मारबतीचा हिशोब आहे. १८८० च्या दशकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे शहर काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे रस्त्यावर काढतं, “इडा पीडा घेऊन जा गे मारबत” असं घसा बसेपर्यंत ओरडतं आणि गावाबाहेर नेऊन ते जाळून टाकतं. वर्षाची पीडा एका दुपारी फिटते. मनाची पीडा इतक्या झटपट जळत नाही. केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा आठव्या सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांत आणि सव्विसाव्यापर्यंत पाऊणएक लोकांत मोजता येईल असा फरक दिसला. दुसऱ्या सेशनला “फरकच नाही” म्हणणारा आणि “एकदम बरा झालो” म्हणणारा, दोघंही घाई करतात. चार-पाच भेटींनंतरही सूर जुळत नसेल तर मात्र तसं सांगून दुसरीकडे जावं. थेरपिस्टला त्याचं वाईट वाटत नाही, उलट ती नाव सुचवते. खर्च झेपत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार ओपीडीत किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नाममात्र पैशांत काम होतं, रांग तेवढी मोठी. विम्यावर भिस्त ठेवू नये. मानसिक आजारालाही विमा द्या असं कायदा म्हणतो, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच उघडतात आणि गुरुवारी पाचला बसून बोलण्याला भरती म्हणत नाहीत.

घरी कळतंच एक दिवस. “आम्ही मेलो होतो का? आमच्याशी बोलायचं ना!” असं आई म्हणते. बोलायचा विषय आईच असतो, हे सांगता येत नाही.

आणि मग लग्नसराई. थेरपिस्ट पहिल्याच भेटीत एक नियम सांगून ठेवते : बाहेर कुठे दिसलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही बोललात तर बोलेन. मोठ्या शहरात हा नियम आयुष्यभर कामी येत नाही. नागपुरात तो डिसेंबरमध्येच लागतो. वर्धा रोडवरच्या लॉनवर, बुफेच्या रांगेत, हा गृहस्थ वांग्याच्या भाजीपाशी आणि मॅडम कढीपाशी. दोघंही शिस्तीत आपापल्या ताटात बघत असतात. तेवढ्यात मुलीकडच्या काकू मधे येतात, “अगं बाई, तुमची ओळख नाही? या मानसशास्त्रवाल्या मॅडम, अन् हा आपला शांत मुलगा, याले कधी कसलं टेन्शन नाही!” गृहस्थ हात जोडतो, मॅडम हात जोडतात. काकू मात्र तेवढ्यावर सोडत नाहीत. मॅडमच्या शेजारची खुर्ची ओढून त्या आपल्या सुनेपासून सुरुवात करतात, पाच दिरांवरून काटोलच्या बागेपर्यंत जातात आणि दर दोन मिनिटांनी थांबून विचारतात, “आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?” मॅडम सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. काकूंना घाई नसते. मुहूर्त सव्वानऊचा आहे.